पाठ झालेलं आणि विसरता न आलेलं

मैत्रिणींनो, आमच्या खराडीत महिला मंडळ जमलं की गप्पा फिरून फिरून दोनच विषयांवर येतात. आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या तरुण आयांची तक्रार मुलांबद्दल असते. रात्री घोकून घेतलेला धडा सकाळी शाळेच्या बसमध्ये चढेपर्यंत कुठे जातो, देव जाणे. आम्हा साठी ओलांडलेल्यांची तक्रार स्वतःबद्दल असते. पूर्वी दहा-बारा फोन नंबर तोंडपाठ असायचे, आता नवऱ्याचा नंबरसुद्धा मोबाईलमध्ये बघावा लागतो. मग कुणीतरी मला विचारतंच, तुम्ही इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलंत ना, मग सांगा, ही स्मरणशक्ती म्हणजे असते तरी काय?

अकरावी-बारावीला स्मृतीचं प्रकरण शिकवताना मी फळ्यावर तीन शब्द लिहायची. नोंदवणं, साठवणं आणि आठवणं. या तीन पायऱ्यांतली एक जरी निसटली तरी आपण म्हणतो, विसरलो. पण नुसत्या व्याख्यांनी मुली जांभया द्यायला लागायच्या. मग मी पुस्तक मिटून एका बाईची गोष्ट सांगायची. तीच आज तुम्हाला सांगते. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. खराडीहून मुंढवा, हडपसर करत सोलापूर रस्त्याला लागलं की पन्नास-साठ किलोमीटरवर केडगाव येतं. तिथे त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. इतक्या जवळ असूनही त्यांचं नाव आपल्याला चटकन आठवत नाही. का आठवत नाही, तेही पुढे बघू.

गोष्ट सुरू होते रमाबाईंच्या वडिलांपासून, आणि तीही आपल्या पुण्यातच. अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. त्या वाड्यात अनंतशास्त्र्यांच्या कानावर बाईच्या आवाजातले संस्कृत श्लोक पडले. बायकांनी संस्कृत म्हणायचं, ही त्या काळी न ऐकलेली गोष्ट. शास्त्रीबुवांच्या मनात त्या आवाजाने घर केलं आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता बघा, दिवसभरात आपल्या कानावर शेकडो आवाज पडतात. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न, शेजारचा टीव्ही. त्यातलं जवळजवळ सगळं एक-दोन सेकंदांत पुसलं जातं. ज्याच्याकडे लक्ष जातं, तेवढंच पुढच्या पायरीवर सरकतं. आणि लक्ष जातं ते नेहमीपेक्षा वेगळ्या गोष्टीकडे. शास्त्रीबुवांनी शिक्षण संपवून बायकोला शिकवायला घेतलं, पण घरच्यांच्या विरोधापुढे ते जमलं नाही. पहिली पत्नी गेल्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी नऊ वर्षांची. वाचताना आपल्याला कसंतरी होतं, पण तो काळ तसा होता. या लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी खरोखर शिकवलं. लोकांचा रोष झाला, तेव्हा पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात आश्रम बांधून ते राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली.

रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात, गड्याच्या डोक्यावर. पुढची सोळा-सतरा वर्षं या घराला घर असं नव्हतंच. ना शाळा, ना पाटी, ना तास. वडील म्हातारे झाले होते, म्हणून आठव्या वर्षापासून आईनेच रमाला शिकवायला घेतलं. दिवसभर आईला स्वयंपाक, पाहुणे आणि यजमान, त्यामुळे शिकवायची वेळ पहाटेची. पाखरं किलबिलायच्या सुमाराला आई झोपलेल्या पोरीला कुशीत घेऊन, लाडाने हाका मारत उठवायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. बाराव्या वर्षापर्यंत रमाला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

अठरा हजार! माझ्या वर्गातल्या मुली इथे हमखास डोळे विस्फारायच्या. हा देवी चमत्कार नव्हता बरं का. आईला कुणी मानसशास्त्र शिकवलं नव्हतं, पण तिच्या पद्धतीत आज पुस्तकांत सापडतात ती जवळजवळ सगळी तत्त्वं होती.

पहिलं म्हणजे छंद. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सात सुट्या गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. अनुष्टुभ श्लोकात बत्तीस अक्षरं असतात. सुटी बत्तीस अक्षरं कुणाच्या बापाला लक्षात राहणार नाहीत. पण आठ-आठ अक्षरांचे चार चरण केले की उरतात चारच तुकडे. दहा आकडी मोबाईल नंबर आपण दोन-तीन तुकड्यांत सांगतो, ते त्यासाठीच.

दुसरं म्हणजे अर्थ. रमा आईजवळ श्लोक घोकत होती, त्यानंतर थोड्याच वर्षांनी जर्मनीत हेरमान एबिंगहाउस नावाचे गृहस्थ स्वतःवरच प्रयोग करत बसले होते. ते निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरलं ते मोजायचे. १८८५ साली त्यांनी ते सगळं पुस्तकात मांडलं. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी दाखवलं. बायरनची कविताही त्यांनी पाठ करून पाहिली. तिला निरर्थक अक्षरांच्या जेमतेम एक दशांश मेहनत लागली! लय आणि अर्थ असला की मनाचं ओझं किती हलकं होतं बघा.

तिसरं म्हणजे उजळणी, तीही अंतर ठेवून. एकाच रात्री पन्नास वेळा घोकण्यापेक्षा रोज थोडं, पुन्हा उद्या, पुन्हा आठवड्याने, असं केलेलं टिकतं. शिवाय रात्रीच्या झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवणाऱ्या आयांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. या कुटुंबाचं पोट चालायचं ते देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगून. म्हणजे पाठ केलेलं रोज चारचौघांत आठवून म्हणावं लागायचं. समोर पुस्तक धरून दहा वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून एकदा आठवून म्हणणं जास्त टिकाऊ असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी मारली ती आठवून लिहिणाऱ्यांनी. रमाची तर अशी परीक्षा रोजच होती.

पण मैत्रिणींनो, माणसाच्या मनात श्लोकच तेवढे साठत नाहीत. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, दक्षिणा मिळेना. होतं नव्हतं ते किडूकमिडूक, भांडीकुंडी विकून झाली. मजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज. शेवटी सगळे मरायचं ठरवून रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यावर काढले. म्हातारे वडील जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा भाऊ श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला आणि ते थांबलं. पण थोड्याच दिवसांत वडील गेले. काही महिन्यांत आई गेली, थोरली बहीणही गेली.

आई शेवटच्या आजारात भुकेने व्याकूळ झाली, तेव्हा रमा भाकरीचा तुकडा मागायला शेजारच्या घरी गेली. अठरा हजार श्लोक घडाघडा म्हणणाऱ्या त्या पोरीच्या तोंडून मागायला शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखून बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन रमा परतली, पण आईला आता घास गिळण्याचीही ताकद नव्हती. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. दोघे कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिने आईला डोक्यावर तोलून धरलं.

पुस्तकी भाषेत स्मृतीचे हे दोन वेगळे कप्पे आहेत. एंडेल टल्विंग यांनी १९७२ साली ते वेगळे करून दाखवले. एक ज्ञानाची स्मृती. सूर्य पूर्वेला उगवतो, हे आपण कधी आणि कुणाकडून शिकलो ते आठवत नाही, पण माहीत असतं. दुसरी प्रसंगाची स्मृती. त्यात मी असते, माझी जागा असते, वास असतो, हुंदका असतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग प्रसंगांची नोंद करतो आणि त्याला लागूनच असलेला अमिग्डाला भीती-दुःखाची तीव्रता ओळखतो. भावना जितकी तीव्र, तितका तो ठसा खोल उमटतो. श्लोक पाठ व्हायला आईला रोज पहाटे उठावं लागलं. बाजरीच्या त्या भाकरीला एकदाच पुरेसं झालं.

पुढे भाऊ-बहीण पायी देश फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने कुडकुडत वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपले. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले, तेव्हा तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आईच्या पहाटेच्या शाळेला मिळालेली ती पावतीच होती. गावोगाव बायकांपुढे व्याख्यानं सुरू झाली. आता त्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रं स्वतः वाचायला लागल्या. कानावरून गेलेलं, जिभेवर बसलेलं आता बुद्धीने तपासायला लागल्या. ग्रंथांची आपापसांत कितीही भांडणं असली तरी बाईला कमी लेखण्यात बहुतेकांचं एकमत आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाठ असणं आणि कळणं यांत केवढं अंतर असतं! म्हणून पाठांतराला नावं ठेवू नयेत, आणि पाठांतरावर थांबूही नये.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती कॉलऱ्याने गेले. वय चोवीससुद्धा पुरं नाही. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे मुलींना शिक्षिका आणि बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. १८८३ साली डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. पण कानाने साथ दिली नाही. ऐकूनच सगळी विद्या मिळवलेल्या बाईला ऐकूच कमी यायला लागलं होतं. वैद्यकीचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी किंडरगार्टनची, म्हणजे वस्तू हाताळत, खेळत शिकवण्याची पद्धत अभ्यासली. घोकंपट्टीत जगात पहिली यावी अशी ही बाई मुलांसाठी मात्र हात वापरणारी शाळा निवडत होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथली गोदूबाई जोशी ही बालविधवा पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात मोठं वादळ झालं, सल्लागार मंडळ बाजूला झालं, अनेक मुली पालकांनी काढून नेल्या.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंकडे पैसा नव्हता, जागा तोकडी होती. न जाण्याची शंभर कारणं होती. पण स्वतःच्या भुकेचे ते दिवस मनातून उठून उभे राहिले, आणि त्यांना घरात बसवेना. मानसशास्त्रात याला खूण म्हणतात. साठवलेलं आपोआप वर येत नाही, त्याला ओढून आणणारी खूण लागते. एखाद्या वासाने माहेरचं अंगण समोर येतं, तसं दुष्काळ या शब्दाने वीस-बावीस वर्षांपूर्वीचं रान समोर आलं. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर तंबूत ठेवलं. त्यातूनच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इथे स्मृतीचा तिसरा कप्पा येतो, हातांची स्मृती. पोळी लाटताना आपण मनगट कसं फिरवतो ते शब्दांत सांगता येणार नाही, पण हाताला माहीत असतं. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नवीन काही लक्षात राहीना. पण आरशात बघून आकृती काढायला शिकवलं, तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला आठवत नव्हतं! म्हणजे हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या वाटेने जातं. केडगावला लिहिणं-वाचणं होतंच, पण शेती, विणकाम, दुभती जनावरं, छापखान्यातले खिळे जुळवणं हेही मुलींच्या हातात दिलं गेलं. ज्या मुलींच्या डोक्यात भुकेशिवाय काही उरलं नव्हतं, त्यांच्या हातांना नवीन काही तरी आठवायला मिळालं.

स्वतः रमाबाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या माणसाला कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर करायला बसल्या. आता या वयात काय लक्षात राहणार, असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते. वयाने आठवण्याचा वेग थोडा मंदावतो हे खरं, पण शिकण्याचं दार बंद होत नाही. १९२१ साली मनोरमा गेली. तो घाव सोसून त्यांनी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला.

आणखी एक सांगायला हवं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवलं की आपण प्रत्येक वेळी आठवण नव्याने रचतो, थोडं गाळतो, थोडं भरतो. रमाबाईंनी आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या त्याही वीसेक वर्षांनी, कितीतरी घडामोडींनंतर. एखादा तपशील मागेपुढे झाला असेलही. पण त्या आठवणीने त्यांच्याकडून काय करवून घेतलं, ते केडगावात जमिनीवर उभं आहे.

आणि त्यांचं नाव आपल्याला का आठवत नाही? समाजाच्या स्मृतीलाही तेच नियम लागू पडतात. ज्याची उजळणी होत नाही, ते मागे पडतं. धर्म बदलला म्हणून पुण्याने त्यांचं नाव घेणं टाळलं, पुढच्या पिढीला खूणच मिळाली नाही. भारत सरकारने १९८९ साली त्यांचं टपाल तिकीट काढलं, पण तिकिटाने उजळणी होत नाही. कुणाला त्यांचं धर्मांतर पटो न पटो, एका आईने पहाटे उठवून शिकवलेल्या पोरीने हजारो पोरींना भाकरी आणि अक्षर दिलं, एवढं तरी आपण लक्षात ठेवायला हवं.

तर पुढच्या वेळी सोलापूर रस्त्याने जाताना केडगावचा फाटा दिसला, की गाडीतल्या मुलाबाळांना ही गोष्ट सांगा. कागद समोर न धरता, आठवून सांगा. त्यांना कळेल आणि तुमच्याही पक्की लक्षात राहील.